अभाव की कमतरता?

आज सोसायटीच्या ग्रुपवर निरोप आला, "उद्या पाण्याचा अभाव राहील." पाणी कमी येणार, एवढंच म्हणायचं होतं. मला मात्र एक जुना प्रसंग आठवला.

नव्वदच्या सुमारास मी पनवेलच्या एका प्रसूतिगृहात नवीन नर्स होते. सुकापूरच्या एका बाळंतिणीला रक्तस्राव होत होता. मी घाईत तिच्या नवऱ्याला म्हटलं, "तिच्या गटाच्या रक्ताचा अभाव आहे."

रक्तच नाही असं समजून तो तिला दुसऱ्या दवाखान्यात न्यायला उचलून रिक्षाकडे निघाला. मी आडवी गेले. "थांबा! एक बाटली आहे, आणखी एक लागेल!"

"मंग नाय असं का सांगितलं, सिस्टर? कमी हाय म्हनायचं ना!"

ती वाचली. पण 'अभाव' म्हणताना माझी जीभ अजून अडखळते. तुमच्या एखाद्या शब्दानं असा कुणाचा जीव टांगणीला लागलाय का?