पावसातलं पॉलिश

शुद्धलेखन चुकेल, अक्षरही वेडंवाकडं आहे. चौथीपर्यंतच शिकले, सांभाळून घ्यावं. पण अंगाला सदा दारूसारखा वास आणि आयुष्यात थेंब तोंडाला न लावलेला असा माणूस आमच्या शेजारच्या पॉलिशवाल्या मामांशिवाय अख्ख्या मालवण किनाऱ्यावर सापडणार नाही. चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून ते लोकांची कपाटं आरशासारखी करायचे. रस्त्यात कुणी विचारलं, "मामानू, आज किती घेतलास?" की म्हणायचे, "मी घेवक नाय, कपाटान घेतल्यान." शर्टावरची शाई, दाराच्या कड्या, देवघरातल्या येशू सायबाच्या तसबिरीची काच, सगळ्याला स्पिरिट. एका लग्नात कुणीतरी हातात काजूची दारू दिली, तर तिच्यात रुमाल बुडवून त्यांनी चष्मा पुसला. वर म्हणाले, "पाणी घातलेला आसा. डाग रवता."

घरात मात्र मामींचं कपाट कोरंच. "गावाच्या कपाटात तोंड दिसता, माज्या कपाटात नुसती फळी," मामी म्हणायच्या. मामांचं उत्तर ठरलेलं, "पावसाळो सरांदे." पावसाळी हवेत पॉलिश पांढरं पडतं, म्हणून तेव्हा ते हात लावत नसत. आणि पावसाळा सरला की गावाची कामं.

मामी भर आषाढात गेल्या. सुताराने शवपेटी आणून ठेवली, कोऱ्या लाकडाची. मामा बाटली आणि बोळा घेऊन बसले. हात फिरवला की लाकूड चमके, आणि बघता बघता दुधाळ होई. स्पिरिटने पुसून पुन्हा लावायचे, पुन्हा पांढरं. हवा सुकावी म्हणून मी शेगडी पेटवून आणली. "भायर ने गो ती. स्पिरिट आसा, घर पेटात." बाहेर माणसं छत्र्या घेऊन उभी होती. शेवटी मीच हळू म्हटलं, "मामानू, फादर थांबलेत."

त्यांनी बोळा खाली ठेवला. पांढुरक्या झाकणावरून हात फिरवला. म्हणाले, "ऱ्हवांदे. लग्नातलो फ्रॉकय पांढरोच होतो तिचो."

पाऊस गेल्यावर त्यांनी सगळ्यात आधी मामींचं कपाट केलं. मला बोलावून विचारलं, "तोंड दिसता?" मी म्हटलं, दिसतं. अगदी स्वच्छ दिसतं. मामा स्वतः मात्र अजून त्याच्यासमोर उभे राहत नाहीत.