कोळशाचे चार वाटे

प्रात्यक्षिकात कोणी नापास होत नाही, हे आमच्या चंद्रपूरच्या इंजिनिअरिंग कॉलेजात सगळ्यांना ठाऊक होतं. लेखी पेपरात भलेभले आडवे व्हायचे. पण प्रात्यक्षिकाला जर्नल नीट लिहिलं आणि बाहेरून आलेल्या परीक्षकांसमोर मान खाली घातली की काम झालं. मी मायनिंगच्या तिसऱ्या वर्षाला खनिज प्रक्रियेच्या प्रात्यक्षिकात नापास होऊन दाखवलं. वर्गातली पोरं म्हणाली, "मायनिंगले आली अन् हिले कोळसा जाळता येत नाई." मी आठ दिवस त्यांच्याशी बोलले नाही. राग माझ्या नाकावरच असतो.

चुकलं काय, हे मात्र मला कळलं नव्हतं, आणि तेच जास्त झोंबत होतं. प्रयोग साधा होता. समोर कोळशाचा ढीग. त्यात चमकणारे तुकडे, दगड, भुकटी, सगळंच. एवढा ढीग भट्टीत घालता येत नाही, म्हणून त्यातून ओंजळभर असा काढायचा की तो अख्ख्या ढिगाबद्दल खरं सांगेल. त्यासाठी कोळशाचा शंकू करायचा, तो चपटा करायचा आणि मध्ये अधिकचं चिन्ह काढून चार भाग पाडायचे. समोरासमोरचे दोन ठेवायचे, दोन बाजूला टाकायचे. उरलेल्याचं पुन्हा तेच, ओंजळभर राहीपर्यंत. शेवटी ठेवलेल्यातला आणि टाकलेल्यातला असे दोन्ही नमुने दळून जाळायचे आणि राख तोलायची. दोन्हींची राख जुळली तर नमुना खरा. माझी कधीच जुळत नव्हती.

पुन्हा परीक्षा सहा महिन्यांनी होती. तेव्हाही नाही जमलं तर वर्ष जाणार होतं. चामोर्शीकडच्या आमच्या गावी बाबांनी सांगून ठेवलं होतं, "या टायमाले नाई झालं तं सामान घेऊन ये. लय झालं शिकणं." ते रागानं बोलले असते तर मी भांडले असते. ते शांतपणे बोलले, म्हणून भीती वाटली. आमचं घर तलावातले मासे धरणारं. तिथं परत जाण्यात कमीपणा नव्हता, पण मला खाणीवर काम करायचं होतं आणि ते मनापासून हवं होतं.

परीक्षेच्या दिवशी प्रयोगशाळेतल्या सहायकांनी, म्हणजे आमच्या भाऊंनी, माजरीकडच्या कोळशाचं पोतं माझ्यासमोर पत्र्यावर ओतलं. "सावकाश कर बाई, घाई नको करू," ते हळूच म्हणाले. मागच्या वेळी परीक्षा चुकलेली काही पोरंही माझ्यासोबत होती. या वेळी परीक्षक एक मॅडम होत्या. जर्नलं त्यांनी उघडलीच नाहीत. प्रत्येकाच्या मागे उभ्या राहून त्या नुसते हात पाहत होत्या.

मी शंकू केला, चपटा केला, चार भाग पाडले. तेवढ्यात मागून आवाज आला, "थांब. हे काय चाललंय?"

खाली पाहिलं तर माझ्या हातात कोळशाचा एक मोठा तुकडा. एका भागातून उचलून मी तो दुसऱ्यात ठेवत होते. त्याआधी असे चार-पाच ठेवून झाले होते आणि माझं मला माहीत नव्हतं.

"वाटे बरोबर करून राह्यली, मॅडम," तोंडातून निघून गेलं.

पोरं हसली. मॅडम हसल्या नाहीत. "कसले वाटे?"

आता लपवून काय उपयोग, म्हणून सांगितलं. उन्हाळ्यात तलावाचं पाणी उतरलं की गावातली सगळी घरं मिळून जाळं ओढतात. मग काठावर मासळीचे वाटे पडतात, जितकी घरं तितके. एकात मोठी मरळ गेली की दुसऱ्यात रोहू टाकायचा. इकडचं उचल, तिकडं ठेव, सगळ्यांच्या डोळ्यांना बरोबर दिसेपर्यंत. हे काम मी लहानपणापासून केलेलं. सारखे ढीग समोर आले की माझे हात मला न विचारता चालू लागतात.

"आणि बारीक मासळी?" मॅडमनी विचारलं.

"थे मुठीनं टाकतो. चिल्लर कोण पाह्यते?"

"इथली चिल्लर म्हणजे भुकटी. मोठा तुकडा दिसला की तू उचलतेस, भुकटी जागच्या जागी राहते, आणि तिची राख वेगळी. राख जुळेल कशी?"

सहा महिने छळणारं कोडं अर्ध्या मिनिटात सुटलं. आनंद व्हायला हवा होता, पण मला रडूच आलं. नमुना बिघडला होता, म्हणजे परीक्षाही गेली होती.

मॅडमना माझ्या रडण्याशी देणंघेणं नसावं. "बरं, वाटे पडले. कुठला कुणाला, हे कसं ठरतं?"

"एक जण वाट्यांकडं पाठ करून उभा राह्यते. दुसरा वाट्यावर बोट ठेवून विचारते, हा कोणाचा? तो न पाह्यता नाव सांगते."

"पाठ का करतो?"

"पाह्यलं तं आपल्या माणसाले मोठा वाटा जाईन ना, मॅडम. मनात नसलं तरी जाईन."

"उत्तर बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "आता निःपक्षपाती नमुन्याची व्याख्या विचारत नाही. भाऊ, हिला दुसरं पोतं द्या. वेळ वाढवून मिळणार नाही."

दुसऱ्यांदा करताना बोटं नुसती शिवशिवत होती. एक चकचकीत तुकडा अगदी काठावर, उचल म्हणून खुणावत पडलेला. नाही उचलला. कधी नव्हे ते मी स्वतःच्याच हातांवर डाफरले. दुपारी दोन्ही नमुने भट्टीतून निघाले, गार झाले. भाऊंनी राख तोलली, आकडे जुळलेले पाहिले आणि विश्वास बसेना म्हणून पुन्हा तोलली. मॅडमनी कागदावर सही केली. मार्क दाखवले नाहीत. "पुढच्या वर्षी कोणते विषय घेणार?" एवढंच विचारलं.

गेटबाहेर येऊन बाबांना फोन लावला. "झालं, बाबा," म्हटलं.

"बेस झालं. काय विचारलं तुले?"

सगळं सांगितलं, पाठ करण्याच्या प्रश्नासकट. आमच्या तलावावर पाठ करून उभा राहणारा माणूस म्हणजे बाबाच. गावानं हे काम दुसऱ्या कुणाला कधी दिलं नाही.

"इतके वर्स मी पाठ करून उभा राह्यलो," ते म्हणाले. "काऊन करतो म्हून मले कोणी इचारलं नाई."

मी गेटजवळच्या कट्ट्यावर बसले.

"शीक तू," ते म्हणाले. "पुरं शीक."