एकतीस तारखेची नवरी

चित्रगुप्ताला कधी रजा घ्यावीशी वाटली, तर बदली म्हणून त्याने डोळे झाकून नेरूळच्या आमच्या सोसायटीत यावं आणि माझ्या वरच्या मजल्यावरच्या काकांना घेऊन जावं. तारखेवाचून या माणसाला घास उतरत नसे. लोणच्याच्या बरणीवर तारीख, गॅसच्या नळीवर तारीख, नव्या चपलेच्या तळव्यालासुद्धा तारीख. माझ्या मुलीच्या बारशाला त्यांनी पाळण्याची दोरी अडवून धरली होती, का, तर कॅमेऱ्यातली तारीख एक दिवस मागे होती. काकू म्हणायच्या, "यमाला पण हे दारात थांबवतील आणि विचारतील, आज कितवी?"

यम आला तो काकूंसाठीच. दवाखान्यात त्यांच्या नाकात नळी, आणि कॅमेऱ्याच्या रोलमध्ये शेवटचा एक फोटो उरलेला. काकांचा हात उचलेना. काकूच म्हणाल्या, "काढा हो. रोल धुवायला तरी जाईल." रोल धुऊन आला तेव्हा काकू नव्हत्या.

मग काकांनी रबाळ्याच्या त्यांच्या कारखान्यात मोडीत निघालेला कॉम्प्युटर घरी आणला. त्या काळी आमच्या अख्ख्या सेक्टरमध्ये तो एकच. सोबत एक स्कॅनर; तो एक फोटो गिळेपर्यंत सारसोळ्याची होडी खाडीतून मासे घेऊन परत यायची. प्रत्येक फोटोच्या फाइलचं नाव म्हणजे तारीखच. आधी दिवस, मग महिना, मग वर्ष, आपण चेकवर लिहितो तशी. त्यावर काकांनी स्वतः एक प्रोग्रॅम लिहिला. तो नावातून तारीख आपोआप उचलायचा, फोटोखाली छापायचा आणि फोटो ओळीने दाखवायचा.

वर्षश्राद्धाची जेवणं उरकल्यावर सगळ्यांना कॉम्प्युटरपुढे बसवलं. पहिलाच फोटो दवाखान्यातला. मग पिकल्या केसांचं हळदीकुंकू, मग शाळेतल्या दोन वेण्या. यंत्र बिचारं नावातले पहिले आकडे बघून रांग लावत होतं: एक तारखेचा दवाखाना आधी, एकतीस तारखेचं लग्न शेवटी, वर्ष गेलं खड्ड्यात. काकूंचा भाऊ ताडकन उठला.

"भावोजी, बहीण आहे माझी ती. आधी मारता, मग नांदवता?"

पाहुणे पांगल्यावर मी शहाणपणा पाजळला, "काका, टेन्शन कशाला? वर्ष आधी बघायला सांगा त्याला, बरोबर लागेल."

"लावलं होतं रे," चष्मा पुसत काका म्हणाले. "बरोबर लावलं की शेवटी ती नळीवाली येते. मग पुढे काहीच येत नाही. नुसता काळा पडदा. मला उठताच येईना खुर्चीतून."

कॅमेऱ्याचा एक दिवस माफ न करणाऱ्या माणसाने ही एवढी चूक मात्र जपली. संध्याकाळी मी वर गेलो की काका प्रोग्रॅम लावायचे. पहिल्या फोटोला आम्ही दोघंही खिडकीबाहेर बघायचो. मग सावकाश, मागेपुढे होत, काकू सगळ्या वयांतून फिरून यायच्या; आणि शेवटी मुंडावळ्या बांधलेल्या, हसू दाबलेल्या, खाली एकतीस मे. तिथे काका चहा टाकायला उठायचे.