चंद्राने धुतलेलं मांजरपाट

मला कापडांच्या जुन्या नावांचा नाद, आणि चंद्राला तो ठाऊक. डहाणूत दारोदार सुके बोंबील विकणारी चंद्रा टोपली उतरवली की विचारायची, "आज कुठलं फडकं सापडलं, वहिनी?" एकदा सांगितलं, मांजरपाटाचा मांजराशी संबंध नाही, जुने लोक मादरपाट म्हणत, कुणी त्याचा धागा पार मद्रासपर्यंत नेतात. ती हसली. "म्हणजे ते पण आमच्या खलाशासारखं, गाव सोडून फिरणारं!"

तो खलाशी म्हणजे तिचा नवरा, सदानंद. गेल्या वर्षी वादळात बोटीवरून पडला, सापडलाच नाही. यंदा दिराचं, विपुलचं लग्न ठरलं. सासरे हिरूबाबा म्हणाले, आधी थोरल्याची क्रिया उरकू. दर्भाचा पुतळा करू, कोऱ्या मांजरपाटात गुंडाळून जाळू.

"जाळलं की मेलाच ना तो," चंद्रा मला म्हणाली. "मग आला तर कुठल्या घरात येईल?"

कोरं म्हणजे पाणी न लागलेलं. मढ्याला तेच लागतं. चंद्राने ते कापड विहिरीवर नेऊन साबण लावून धुतलं आणि बोंबलांच्या दोरीवर वाळत घातलं. सासूने कपाळ बडवून घेतलं.

दुसरं कापड हिरूबाबांनी भटजींकडेच ठेवलं. भटजी मुकटा, म्हणजे रेशमी सोवळं, नेसून आले. चंद्राने मासळीच्या हातांनी त्यांचा सोगाच धरला. सोवळं मोडलं. ते पुन्हा आंघोळ करून येईतो वेळ टळली. जाताना म्हणाले, "पुढच्या वेळी धाबळी नेसून येतो."

ती धापा टाकत माझ्या दारात. "वहिनी, धाबळी काय असते?"

"लोकरीचं सोवळं. लोकरीला विटाळ होत नाही म्हणतात."

"कशानंच नाय? मासळीनं पण?"

"नाही गं."

"मग काहीतरी सांगा ना! एवढी पुस्तकं वाचता!"

मला नावं माहीत होती. उपाय कुठला ठाऊक असणार?

ठरल्या दिवशी अंगणात दर्भाचा पुतळा निजवला होता. भटजी आत येताच चंद्राने धावत जाऊन त्यांची धाबळी दोन्ही मुठींत धरली. विपुल ओरडला, "वहिनी, सोड!"

भटजी मागे सरले नाहीत. "राहू दे रे. लोकर आहे ही, हिला काही होत नाही."

चंद्राने मुठी सोडल्या नाहीत. ते तसेच, तिला ओढत खाली बसले आणि पुतळ्याभोवती कोरं कापड गुंडाळू लागले.