पौषातला कांदा

आमच्या घरात कोणाचंही डोकं दुखलं की निदान मी करतो, आणि ते एकच असतं: ऊन लागलं. उपायही एकच, खिशात कांदा. माझ्या या वैद्यकीवर घरात कोणाचा विश्वास नाही. पण पेशंट मी स्वतःच असल्यावर अडवणार कोण?

गेल्या उन्हाळ्यात माझं डोकं दुखू लागलं. कामासाठी रोज अभनपूरकडे फटफटीनं जाणारा माणूस मी. ऊनच असणार. कांदा ठेवला. पावसाळा गेला, दिवाळी गेली, दुखणं वाढतच गेलं. वाकलो, खोकलो की ठणका. मी आणखी मोठा कांदा घेतला.

पौषात एका सकाळी अंथरुणातून उठलो तो थेट मोरीत, उलटीला.

"काही नाही, ऊन..." मी म्हणालो.

"काहून जी, रजईत ऊन लागते तुमाले?" बायको म्हणाली.

आमचं शहर हिंदी मुलखातलं; पोट्टीला मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र हिंदीत येतं. "पापा, सुबह छह बजे कौन सी धूप?"

वैद्यकी तिथंच बुडाली.

समता कॉलनीतल्या डॉक्टरांनी सांगितलं, बहुतेकांचं डोकं साध्याच कारणानं दुखतं. पण महिनोन्‌महिने वाढत जाणारं, उठल्याउठल्या जास्त आणि वर उलटी, म्हणजे आतून पाहायलाच हवं. एमआरआयच्या आधी खिसे रिकामे करायला लावले. घड्याळ, किल्ल्या, मोबाइल, कांदा.

"भैया, ये भी?" तिथल्या दीदीनं विचारलं. बायको भिंतीकडे पाहू लागली.

मेंदूच्या आवरणाला लिंबाएवढी गाठ निघाली. कॅन्सरची दिसत नव्हती, पण दाबत होती. काढणं भाग होतं. बायकोनं डॉक्टरांना एकच विचारलं, "ये ठीक हो जाएँगे ना?" "पूरी उम्मीद है," ते म्हणाले. मी ऑपरेशनच्या कागदावर सही केली. आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याचं निदान मानलं.

ऑपरेशननंतर काही दिवसांनी सकाळी खोकला आला. सवयीनं दोन्ही हातांनी डोकं धरलं. टाके ओढले गेले, पण तो ठणका आलाच नाही. मी मुद्दाम आणखी एकदा खोकलो. तपासणीला गेलेली गाठही साधीच निघाली.

चैत्रात तेलीबांध्याच्या तळ्यावर फिरायला निघालो. ऑपरेशनसाठी भादरलेल्या डोक्यावर केस अजून पुरते आले नव्हते, म्हणून टोपी. दारात बायकोनं अडवलं आणि माझ्या खिशात एक कांदा टाकला.

"आता खरंच लागन तुमाले ऊन."