मुखवट्याची परवानगी

गेल्या चैत्रात एका सोमवारी सकाळी रोह्याच्या गणपती कारखान्यात संगणकावर मुखवट्याची फाइल उघडेना. परदेशी जाणाऱ्या मूर्तींसाठी या मुखवट्याचा साचा दिवेलागणीपर्यंत पेणला पोचायचा होता. कारखाना सुनंदाताईंचा, एवढे मोठे काम त्यांना पहिल्यांदाच मिळाले होते. साचा चुकला तर पुढचे काम रोह्याला नाही, असे काम देणाऱ्या पेणच्या कारखान्याच्या शेठनी आधीच बजावले होते.

दोन्हीकडचे संगणक माझा मावसभाऊ सांभाळतो. त्याच्याइतका संशयी माणूस रायगड जिल्ह्यात दुसरा नसेल. घरातल्या फ्रिजच्या कुठल्या कप्प्याला कोणी हात लावायचा, हे त्याने ठरवून दिले आहे. स्वतःच्या लग्नात त्याने भटजींना विचारले होते, "मंगलाष्टका म्हणायला तुम्हाला कोणी सांगितलं?" पेणला रंगवायला कितीही माणसे असोत, मूर्तीचे डोळे आखायला ठरलेलाच हात बसतो. हा नियम त्याने संगणकालाही लावला. मूळ मूर्तींच्या फाइली पेणच्या सर्व्हरवर, खालच्या थरात. त्या बदलायच्या नाहीत. रोह्याला त्या नेटवर्कवरून दिसतात. तिथे बदल केला की फाइलची प्रत रोह्याच्याच वरच्या थरात तयार होते. रविवारी त्याने मुखवट्यांच्या फाइली फक्त डोळे आखणाऱ्यांपुरत्या खुल्या ठेवल्या; त्यांत सुनंदाताईही होत्या. सोमवारी सुनंदाताईंना मुखवट्याचे डोळे मोठे करायचे होते. रोह्याचा संगणक त्यांना हो म्हणत होता, पेणचा सर्व्हर मात्र नाही म्हणत होता.

"सगळ्यांना उघडं कर ना! एका दिवसाचा तर प्रश्न हाय," पेणला शेठ त्याच्यावर ओरडले.

"आणि उद्या कोणी मूळ गणपतीचं नाक बसवलं तर? नाय जमणार, शेठ."

दुरून केलेल्या दुरुस्तीवरही त्याचा विश्वास नाही. तो एसटीने रोह्याला गेला. साचा कापायचे यंत्र थांबलेले होते.

"डोळे आखायला मी चालत नाय काय रे तुला?" सुनंदाताईंनी दारातच विचारले.

"मला चालता, ताई. पेणला तुम्ही कोण आहात, ते बघतोय."

दुपार कलल्यावर कारण सापडले. सर्व्हर माणसाचे नाव पाहत नाही, क्रमांक पाहतो. मावसभावाने दोन्ही कारखान्यांत वेगवेगळे, माणसे तिथे कामावर लागली त्या क्रमाने क्रमांक दिले होते. सुनंदाताईंचा रोह्यातला क्रमांक पेणला टेंपोवाल्याचा होता.

"म्हंजे सकाळपासून मी टेंपो चालवतेय?"

"व्हय."

"मग चावी दे, साचा मीच टाकून येते. पण आधी कापू दे मेल्या!"

तो हसला नाही. त्याने त्यांना दोन्हीकडे एकच नवा क्रमांक दिला, वरच्या थरातल्या त्यांच्या जुन्या फाइली त्या क्रमांकावर चढवल्या. फाइल उघडली. सुनंदाताईंनी डोळे आखले, यंत्र सुरू झाले. शेठचा फोन वाजत राहिला. कोणी उचलला नाही.

साचा दिवेलागणीला पेणला पोचला. पुढचे काम रोह्यालाच आले. निघण्यापूर्वी मावसभावाने रोह्याच्या वरच्या थरातली स्वतःची बदल करण्याची परवानगी काढून टाकली. आता तिथे फक्त सुनंदाताई बदल करू शकतात.