अहवालात न आलेलं भाषण

आमच्या शाळेत स्नेहसंमेलनाचा इंग्रजी अहवाल संमेलनाच्या आदल्या दिवशीच लिहून ठेवायची पद्धत होती. मी इंग्रजीचा शिक्षक, म्हणून काम माझ्याकडे. प्रमुख पाहुण्यांनी ‘डिलिव्हर्ड अ स्पीच’ असं मी दरवर्षी लिहायचो. भाषणाला ‘टोल्ड’ लावायचं नाही, हे मुलांच्या वह्यांत लाल शाईने लिहून माझी बोटं दुखत. माझं वाक्य अगदी शुद्ध असे.

नव्वदच्या दशकातल्या एका वर्षी पाहुण्यांची गाडी सिन्नरजवळ बंद पडली. मांडव भरलेला, मुलं कंटाळलेली. मुख्याध्यापकांनी घाबरून समोर बसलेल्या एका पालक बाईंना दोन शब्द बोलायला सांगितलं. त्यांचा मखमलाबादकडे झेंडूचा मळा होता. मांडवाची फुलं त्यांनीच आणली होती. पदर सावरत त्या माइकपाशी आल्या आणि वीस मिनिटं बोलल्या. कळी कधी तोडायची, मुलांना कधी हटकायचं, नवऱ्याचं कधी ऐकायचं नाही. मांडव हसून लोळला. पाहुणे पोचले तेव्हा टाळ्या चालूच होत्या. ‘यांच्यापुढं मी काय बोलणार,’ म्हणून ते नमस्कार करून बसले.

आठवड्याने छापखान्यातून प्रूफ आलं. त्यात भाषण पाहुण्यांच्याच नावावर होतं. वाक्य बदलता आलं असतं. पाहुण्यांना वाईट वाटेल, असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे अहवालात फुलवाल्या बाई कशा घालायच्या, हा माझा आखडूपणा होता. मी सही केली.

पुस्तिका निघाल्यावर बाईंची मुलगी वर्गाबाहेर थांबली. आईने तिच्याकडून पुस्तिका दोनदा वाचून घेतली होती. ‘सर, आई विचारते, ती बोललीच नव्हती का?’ अहवालाची एक रीत असते, असं काहीतरी मी पुटपुटलो. त्यानंतर फुलं यायची, बाई येत नसत.

निवृत्तीच्या वर्षी, दोन हजार पाच-सहाच्या सुमारास, शाळेची जुनी माहिती एकत्र छापायची ठरली. त्या वर्षाखाली मी इंग्रजीत लिहिलं, की पाहुण्यांनी नमस्कार केला आणि भाषण या बाईंनी केलं. त्या वर्षाचा ‘डिलिव्हर्ड’ शब्द अखेर खऱ्या माणसापुढे पडला. छापील प्रत घेऊन मी मळ्यावर गेलो.

बाई फुलांची तोडणी करत होत्या. मी वाक्य वाचून दाखवलं, अर्थ सांगितला, चूक कबूल केली.

‘लय वर्सं लावली, सर,’ त्या म्हणाल्या. मग जावेला हाक मारली, शेजारणीला बोलावलं आणि मला तेच वाक्य तीनदा वाचायला लावलं. तिसऱ्यांदा त्यांनी मध्येच थांबवलं.

‘टाळ्यांचं नाय लिव्हलं?’

नव्हतं लिहिलं. मी खिशातलं पेन काढलं आणि बांधावर बसून त्यांच्या प्रतीवर तेवढं लिहून दिलं. जाऊबाई म्हणाल्या, ‘जोरात वाजल्या असंबी लिव्हा.’ तेही लिहिलं. खरंच वाजल्या होत्या.